वाचविलेल्या माणसाच्या हृदयाचा हिशेब

1 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, तेव्हा ज्या तरुणाचे वय पंचवीस होते तो आज पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे. त्या काळी त्याच्या आप्तांना प्रश्न पडे तो इतकाच की, हा पुढची दिवाळी पाहील का? आज तो नोकरी करतो, मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहतो आणि चाळिशीनंतरच्या कोणाही माणसाप्रमाणे रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांच्या वाटेवर उभा असतो. फरक एवढाच की, त्या वाटेवर तो इतरांपेक्षा काहीसा लवकर पोहोचतो. एचआयव्हीबाधितांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या तुलनेने सुमारे दुपटीने आढळते, हे आता सर्वमान्य झाले आहे.

याचे कारण काय? काही दोष औषधांचा आहे, काही खुद्द विषाणूचा. 1995-96 च्या सुमारास प्रोटीझ इनहिबिटर वर्गातील औषधे आली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. परंतु रिटोनाव्हिरसारख्या औषधांनी रक्तातील ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल यांची पातळी वाढते, हेही लवकरच ध्यानात आले. आपल्याकडील पहिल्या फळीच्या उपचारात स्टॅव्ह्युडिन हे स्वस्त औषध असे. त्याने गालांवरील व हातापायांवरील चरबी झडे. खोल गेलेले गाल पाहून शेजारीपाजारी काय ते ओळखत. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली त्याचा वापर क्रमाने बंद करण्याची शिफारस केली. आज बहुसंख्य रुग्णांना मिळणारी डोल्युटेग्राव्हिर, लॅमिव्ह्युडिन व टेनोफोव्हिर यांची एकत्रित गोळी या बाबतीत पुष्कळच सौम्य आहे, तथापि डोल्युटेग्राव्हिरने काहींचे वजन वाढते. शिवाय विषाणू आटोक्यात असतानाही शरीरात मंद दाह चालूच राहतो आणि रोहिण्यांचे नुकसान करतो. तेव्हा नव्या गोळीने प्रश्न संपला, असे मानता येत नाही.

मग औषधेच थांबवावीत काय? 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत संयुक्त उपचाराच्या पहिल्या चार ते सहा वर्षांत प्रत्येक वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 26 टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले, आणि अनेकांच्या मनात हाच विचार डोकावला. त्याचे उत्तर 2006 साली ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीने दिले. त्यात 5,472 रुग्ण होते. ज्यांचे उपचार मधूनमधून थांबविले त्यांच्यात मृत्यू अधिक झालेच, पण हृदयविकारही वाढला. औषध सोडून हृदय वाचत नाही, हे त्यामुळे निर्विवाद ठरले.

राहिला मार्ग कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा. 2023 साली ‘रिप्रीव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह बारा देशांतील 40 ते 75 वयाचे 7,769 बाधित तीत सहभागी होते. रूढ मोजमापाने त्यांचा हृदयविकाराचा धोका कमी किंवा मध्यमच होता. ज्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन दिले त्यांच्यात गंभीर हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण 35 टक्क्यांनी कमी झाले.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाने येथे थोडे थांबावे. 35 टक्के हा आकडा भरघोस वाटतो. परंतु मूळ प्रमाण होते हजार माणसांमागे वर्षाला 7.32, ते 4.81 वर आले. म्हणजे एक घटना टळावी यासाठी सुमारे 106 जणांनी पाच वर्षे गोळी घ्यावी लागते. एकूण गोळ्या झाल्या 1 लाख 93 हजार. घाऊक खरेदीत गोळीला दोन रुपये पडतात असे नुसते गृहीत धरले, तर एक घटना टाळण्याचा खर्च 3 लाख 87 हजारांच्या घरात जातो. शिवाय गोळी घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण 4 टक्क्यांवरून 5.3 टक्क्यांवर गेले, तोही खर्चच. सरसकट सर्वांना गोळी द्या म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये. उलट, ज्याचा धोका दुप्पट त्याच्या बाबतीत हाच खर्च निम्म्यावर येतो. धूम्रपान करणारे, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण, पन्नाशी उलटलेले आणि दुसऱ्या फळीची औषधे घेणारे यांच्यापासून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घरातील कमावता माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, तर गोळ्यांचा हा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो. आणि त्याला आजवर वाचविण्यासाठी सरकारने वीस वर्षे केलेला खर्चही वाया जातो.

परंतु खरी अडचण पैशाची नाहीच. ती खिडक्यांची आहे. राष्ट्रीय अंदाजानुसार 2021 साली देशात सुमारे 24 लाख बाधित होते आणि त्यांपैकी 3 लाख 94 हजार, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रात होते. उपचार घेणारा माणूस ठरावीक दिवशी एआरटी केंद्राच्या खिडकीशी येतो. रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र वेगळा; त्याची खिडकी वेगळी, रांग वेगळी, बुडणारा रोजही वेगळा. आणि दुसऱ्या खिडकीवर जावे तर आपण पहिल्या खिडकीवरची कोणती औषधे घेतो, हे सांगावे की सांगू नये?

2017 च्या कायद्याने संमतीविना हे उघड करण्यास मनाई केली, ती योग्यच. परंतु माणूस गप्प राहिला तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. रिटोनाव्हिर घेणाऱ्यास सिम्व्हास्टॅटिन दिले तर त्याची रक्तातील पातळी बेसुमार वाढून स्नायूंचा नाश होऊ शकतो आणि मूत्रपिंड निकामी होण्याची वेळ येते; म्हणून ही जोडी निषिद्ध आहे. अटोरवास्टॅटिन द्यायचे तर मात्रा मर्यादित ठेवावी लागते. डोल्युटेग्राव्हिरसोबत मधुमेहावरील मेटफॉर्मिनचीही मात्रा बेतावी लागते. समोरच्या डॉक्टरला ठाऊकच नसेल, तर तो तरी काय करणार? गावातल्या दवाखान्यात, जेथे औषध देणारा आपल्याच आळीतला असतो, तेथे गोळ्यांची डबी दाखविणे किती कठीण असते हे शहरातल्या माणसास सहसा उमगत नाही.

म्हणूनच रक्तदाब, साखर आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल यांची तपासणी एआरटी केंद्रातच, औषधे नेण्याच्या त्याच फेरीत व्हावी, आणि स्टॅटिनची गोळीही त्याच खिडकीतून मिळावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. रक्त काढणारा माणूस तेथे असतोच. एक सुई अधिक टोचावी लागत नाही, त्याच रक्तातून आणखी एक नळी भरावी लागते.