गाडीच्या टायरचा हिशेब : आवाज, पकड आणि दाम

आमचा धंदा कापडाचा. ग्रेचा तागा समोर आला की आम्ही आधी तो बोटांत चोळतो, उजेडावर धरतो, रीड-पिक मोजतो, वजन करतो आणि मगच भावाला हात घालतो. मीटरमागे पंचवीस पैशांसाठी अर्धा तास बसायची आमची तयारी असते. पण हाच व्यापारी टायरच्या दुकानात गेला की एकच प्रश्न विचारतो, "सबसे सस्ता कौन सा है?" टायर काळा आहे, गोल आहे, बस्स! आमच्या मालेगावच्या बाजारातले निम्मे व्यापारी आजही असेच टायर घेतात. २०२३ पर्यंत आम्हीही त्यांच्यातलेच होतो, हे आधीच कबूल करतो.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या गाडीचे चारही टायर घासत आले होते. आम्ही काटकसर म्हणून दोनच घेतले, तेही घासाघीस करून दर टायरमागे सातशे-आठशे रुपये कमी देऊन. फिटर म्हणाला, "सेठ, इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांवर, नवे पुढेच टाकू." आम्हाला ते पटले. जुने मागे गेले. जुलैत आमचा भाचा आणि ड्रायव्हर मुंबईला निघाले. मागची सीट पाडून तीत साड्यांचे गठ्ठे भरलेले. कसारा घाटाच्या उतारावर, भर पावसात, एका वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला. गाडी अर्धी फिरली आणि कठड्याला लागली. मागून ट्रक येत होता, तो वेळेवर थांबला म्हणून निभावले. भाच्याला मुका मार बसला. ड्रायव्हरचे उजवे मनगट मोडले आणि तीन महिने तो गाडीवर बसू शकला नाही. "मामू, गाडी पाण्यावर तरंगली," भाचा फोनवर एवढेच बोलला.

गाडी गॅरेजला आल्यावर तिथल्या कारागिराने पुढच्या 'नव्या' टायरवरचे आकडे आम्हाला वाचून दाखवले. त्यावर ३११८ असे चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. पाच वर्षे कुठल्यातरी गोदामात पडलेला माल आम्हाला ताजा म्हणून दिला होता. मालातला ऐब सांगून माल विकावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण गिऱ्हाईक आकडे वाचायलाच तयार नसेल, तर त्याचाही काही दोष आहे की नाही?

त्यानंतर आम्ही या विषयात डोके घातले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, यंत्राचे ज्ञान बेताचेच. पण आश्चर्य असे की टायर उलगडून पाहिला तर आत आपलाच माल निघाला. टायरच्या आत कापडही असते हे किती विणकर बांधवांना ठाऊक असेल? कारच्या रेडियल टायरच्या पोटात पॉलिस्टरच्या दोरांचे कापड असते. त्याचा ताना दाट आणि मजबूत, आणि बाना इतका विरळ की फक्त ताना जागेवर धरण्यापुरता. त्यावर पोलादी तारांचे पट्टे, बऱ्याच टायरमध्ये त्यावर नायलॉनचा पातळ थर, आणि सर्वांत वर रबर. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये हे दोर तिरके, एकमेकांवर फुली मारून जात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, म्हणून टायरची बाजू लवचीक राहते आणि रस्त्यावरचा भाग सपाट टेकतो. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले. ज्याला रीड-पिक कळते त्याला टायर कळायला काही अवघड नाही.

आता पकडीचे बोलू, कारण आमच्या मते टायर निवडताना पहिला मान तिचा आहे. कोरड्या रस्त्यावर बहुतेक टायर ठीक वागतात. फरक पडतो तो ओल्या रस्त्यावर. टायरच्या खाचा पाणी बाजूला काढतात. खाच उथळ झाली की पाणी निघायला जागा राहत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि मग ब्रेक असो की स्टेअरिंग, काहीच ऐकत नाही. नव्या कारच्या टायरची खाच साधारण ७-८ मिलिमीटर असते. कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर चालवता येत नाही, आणि तेवढ्या उंचीची खूण खाचेतच ठेवलेली असते. पण घाटात जाणाऱ्या माणसाने त्या खुणेपर्यंत थांबू नये. आम्ही आता पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरची मर्यादा धरतो. खाच मोजायचे साधन स्वस्त मिळते आणि आमच्या गल्ल्यात ते फुटपट्टीशेजारी पडलेले असते.

दुसरी गोष्ट रबराची. मऊ रबर रस्ता धरते पण लवकर झिजते, कडक रबर वर्षानुवर्षे टिकते पण ओल्यात घसरते. चांगल्या टायरमध्ये सिलिका घालून ओली पकड वाढवतात आणि इंधनही जास्त जाळू देत नाहीत, मात्र त्याचे दाम लागतात. म्हणून "हा टायर लाख किलोमीटर चालतो" असे दुकानदार कौतुकाने सांगू लागला की आम्हाला आता आनंद होत नाही, शंका येते. रबर पडून पडूनही कडक होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासावा आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसला तरी काढावा, असे कंपन्याच सांगतात. आमच्याकडच्या उन्हात आम्ही सहा वर्षांच्या पुढे जाणार नाही.

आणि दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे! फिटर बंधू यावर वाद घालतील, आमच्याशी घातलाही. पण पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, पाय उचलला की बहुधा ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणे पट्टीच्या ड्रायव्हरलाही जमत नाही. कसाऱ्याला नेमके तेच झाले.

आवाजाबद्दल मात्र लोक नको तितके बोलतात. नवी गाडी घेतलेला तरुण टायरच्या दुकानात आधी विचारतो, "आवाज कितना करता है?" युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल लागते, त्यावर आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट झाली. पण तो आकडा रस्त्याच्या कडेला, साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून घेतलेला असतो. म्हणजे तो रस्त्यालगतच्या घरातल्या माणसाला किती त्रास होईल ते सांगतो. काचा लावून आत बसलेल्या सेठला काय ऐकू येईल ते तो सांगत नाही. आतला आवाज गाडीवर, रस्त्यावर आणि टायरच्या झिजेवर अवलंबून असतो. काँक्रीटच्या रस्त्यावर तोच टायर घुमतो आणि डांबरावर गप्प होतो. समृद्धी महामार्गावर गेलेल्यांना हे सांगायला नको.

जुन्या टायरचा 'घूं घूं' मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अलाइनमेंट बिघडली किंवा शॉकअप गेले की टायर एका कडेने करवतीसारखा झिजतो आणि ओरडू लागतो. कधी आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो आणि बदलले जातात टायर. ओळख सोपी आहे. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर टायर, आणि त्याच वेगात गाडी डावी-उजवी वळवताना बदलला तर बेअरिंग. शांत टायरसाठी जास्त पैसे देण्याआधी एवढे करून पाहावे.

दामाचा हिशेब आम्ही मीटरच्या भावासारखा करतो. समजा एक टायर ४,००० रुपयांचा आहे आणि ३५,००० किलोमीटर चालतो. दुसरा ५,००० चा आणि ५०,००० चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला ११.४ पैसे, दुसऱ्याचा १० पैसे. महाग टायर स्वस्त पडला. पण यातही मेख अशी की किती चालेल हे दुकानदाराच्या तोंडावरून धरू नये. आपल्याच गावातल्या, आपल्याच रस्त्यावर तोच टायर वापरणाऱ्या दोन टॅक्सीवाल्यांना विचारावे. ते खरे सांगतात, कारण त्यांची रोटी त्यावर आहे. आणि कमी हवेवर चालवलेला महागडा टायरही वर्षात जातो. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवणारे अनेकजण आम्ही पाहिले. प्रकार नेमका उलटा आहे. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो, दबला की तापतो आणि तापला की फुटतो. गाडीच्या दारावर चिटकवलेला आकडा पाहून, गाडी थंड असताना हवा भरावी. माल भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा.

माल भरण्यावरून आठवले. टायरच्या बाजूवर १६५/८० आर १४ ८५ टी असे काही लिहिलेले असते. १६५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, १४ इंची रिंग. पुढचा ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा, तो टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्याला वेगाशी फार कर्तव्य नाही, वजनाशी आहे. आमच्यातले कितीतरी जण कारला टेम्पो समजून मागे तागे भरतात, आणि मालवाहू गाडीला मात्र स्वस्त म्हणून कारचे हलके टायर लावतात. छोट्या मालवाहू गाडीला तिच्यासाठी केलेलाच जाड थराचा टायर हवा. तो कडक चालतो, आवाजही करतो, करू द्या. आयएसआय खूण नसलेला टायर तर हातातच घेऊ नये. २००९ च्या सरकारी आदेशाने ती खूण सक्तीची केलेली आहे.

सरकारकडेही आमची एक मागणी आहे. २०२२ मध्ये टायरची ओली पकड, रस्त्यावरचा आवाज आणि गाडीची ओढ यांच्या किमान मर्यादा ठरवणारा नियम निघाला, एआयएस-१४२ म्हणतात तो. चांगली गोष्ट झाली. पण किमान मर्यादा म्हणजे पास की नापास. पास झालेल्यांत पहिला कोण आणि शेवटचा कोण हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोची टायरला तारे देण्याची योजनाही आहे, पण आम्ही ज्या दुकानांत फिरलो तिथे तारे लावलेला टायर कोणी दाखवला नाही. पंख्यावर आणि फ्रिजवर तारे बघून घेणारा माणूस टायर मात्र अंधारात घेतो. ओल्या पकडीची श्रेणी प्रत्येक टायरवर छापली पाहिजे. साडीवर आम्ही सुती की पॉलिस्टर हे लिहितोच ना?

आपल्या समाजात पंक्चर आणि टायरच्या कामातले कारागीर पुष्कळ आहेत, त्यांनाही दोन शब्द. ट्यूबलेस टायरमध्ये बाहेरून दोरी खुपसणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. टायर रिंगमधून काढून, आतून पाहून, मशरूम पॅच लावला तर काम पक्के होते आणि मजुरीही जास्त मिळते. बाजूच्या भिंतीतले भोक कधीच शिवू नये, गिऱ्हाईक कितीही गळ घालो. गुळगुळीत टायरला कटिंग मारून खाच पाडून देणारे काही महाभाग आहेत. तसा टायर कारला लावणे म्हणजे फाटलेल्या कापडाला इस्त्री करून विकणे. अलाइनमेंटचे यंत्र भारी पडते, पण खाच मोजणे, हवा बरोबर भरणे आणि गिऱ्हाइकाला तारीख वाचून दाखवणे याला भांडवल लागत नाही. ज्या कारागिराने आम्हाला ३११८ वाचून दाखवला, आमच्या घरातल्या तीनही गाड्या आता त्याच्याकडेच जातात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ४,००० रुपये मूळ किमतीच्या टायरला पूर्वी ५,१२० पडत, आता ४,७२०. टायरमागे चारशे सुटले. आमच्या भाच्याने लगेच रुंद टायर आणि अलॉयची चौकशी सुरू केली आहे. रुंद टायरने स्टेअरिंग जड होते, पेट्रोल जास्त जाते, आणि कंपनीने त्या गाडीला मंजूर केलेल्या मापाबाहेर जायचे नाही असे आम्ही त्याला सांगितले. सुटलेल्या पैशातून मागचे दोन टायर यंदा पावसाळ्याच्या आधीच बदलायचे ठरले आहे. दुकानात ड्रायव्हर सोबत येईल आणि तारीख तोच वाचेल.