पत्रावरील नांव

गेल्या ज्येष्ठांत एका सकाळीं मला पोलिसांचें पत्र आलें. टपालानें नव्हे, ईमेलनें. वर राजमुद्रा, खालीं एका बड्या अधिकाऱ्याची सही व शिक्का, आणि मध्यें असा आरोप कीं, मी मोबाईलवर लहान मुलांचीं अश्लील चित्रें पाहिलीं आहेत. चोवीस तासांत उत्तर न दिल्यास अटक होईल व वर्तमानपत्रांत नांव छापलें जाईल. ज्याचा सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेला, त्याला हें वाचून काय वाटलें असेल तें वाचकांनींच ताडावें.

आरोप खोटा हें मला ठाऊक होतें. तरीहि मीं तें पत्र कोणास दाखविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ‘शेवटची संधि’ म्हणून आणखी एक आलें. अन्न गोड लागेना. मुदत ठेव मोडावी काय, येथपर्यंत विचार गेला. अखेर सूनबाईनेंच विचारलें, “मामंजी, दोन दिवस झाले, तुम्ही मोबाईल उपडा कां ठेवतां?” मीं निमूटपणें तो तिच्या हातीं दिला. तिनें अधिकाऱ्याच्या नांवावर बोट ठेवलें, तों त्याखालून पत्ता निघाला कोणासहि फुकट उघडतां येणाऱ्या खात्याचा!

मला माझीच लाज वाटली. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसां’त राक्षसाची मुद्रिका चाणक्याच्या हातीं पडते, तो राक्षसाचाच मित्र शकटदास याच्या हस्ताक्षरांत पत्र लिहवून घेतो व त्यावर ती मुद्रा उठवितो. मुद्रा खरी, अक्षर खरें, पत्र मात्र खोटें. आणि तेवढ्यावरून मलयकेतु राक्षसाला दूर लोटतो. (आमच्या तालुक्यांतील राक्षसभुवनाशीं ह्या राक्षसाचा संबंध नाहीं, विद्यार्थी विचारीत, म्हणून सांगितलें.) हें नाटक वर्षानुवर्षें शिकविणारा मी, एका छापील शिक्क्याला भ्यालों.

ईमेल पोंचविण्याचे जे नियम १९८२ सालीं ठरले, त्यांत धाडणाऱ्यानें लिहिलेलें नांव खरें कीं खोटें हें तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटावर कोणींहि ‘प्रेषक: जिल्हाधिकारी’ असें लिहावें व पेटींत टाकावें, तसेंच तें. म्हणूनच कित्येकांना स्वतःच्याच पत्त्यावरून धमकी येते, सोबत कोठून तरी चोरीस गेलेला जुना पासवर्डहि असतो. मागाहून एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क अशा तपासण्या बसविण्यांत आल्या. जीमेलमध्यें संगणकावर ‘मूळ दाखवा’ म्हटलें कीं त्यांचे निकाल दिसतात. परंतु ‘पास’ म्हणजे मनुष्य सज्जन असें नव्हे. माझें पत्र तपासणींत उत्तीर्णच होतें, कारण चोरानें खातें स्वतःचेंच उघडलें होतें. खोटें होतें तें वरचें नांव.

पोलीस असें बोलावतात काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाखालील हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅप अथवा तत्सम इलेक्ट्रॉनिक मार्गानें बजावतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २१ जानेवारी २०२५ रोजीं स्पष्ट केलें आहे. हें मला आधीं ठाऊक असतें तर दोन रात्रींची झोप वांचली असती.

धमकी थोरामोठ्यांनाहि सुटलेली नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुकेश अंबानी यांना ठार मारण्याचें ईमेल आलें. मागणी २० कोटींची. उत्तर मिळेना तशी ती २०० व पुढें ४०० कोटींवर गेली. पोलिसांनीं माग काढून तेलंगणांतून व गुजरातेंतून ज्यांना अटक केली, ते दोघे एकोणीस व एकवीस वर्षांचे!

त्यांच्यापाशीं पोलीस होते; आम्हांपाशीं घरचीं माणसें असतात, पण अशा पत्राची रचनाच मनुष्यानें तें घरांत दाखवूं नये अशा बेतानें केलेली असते. चोरीचा आरोप असता तर मी तो ओसरीवर मोठ्यानें वाचला असता.

सूनबाईनें उत्तर देऊं दिलें नाहीं, जोडलेली फाईल उघडूं दिली नाहीं, आणि पत्र पुसूंहि दिलें नाहीं. तें पुरावा म्हणून ठेवून सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविली. पैसे गेलेच असते तर त्याच क्षणीं १९३० ह्या क्रमांकावर कळवावें लागलें असतें. पैसा पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वींच तो अडवितां येतो.

चोवीस तासांची ती मुदत संपून आतां तीन महिने झाले. ह्या अवधींत दाराशीं खाकी कपड्यांतला एकच मनुष्य आला, तो पोस्टमन. बहिणीच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका घेऊन.