वाचकाच्या मताला मज्जाव

‘हे वैयक्तिक मत झाले, ही समीक्षा नव्हे,’ हे वाक्य आपल्या मराठी विभागांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्याचा नेमका अर्थ काय, असे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. विद्यार्थ्याने एखादी कादंबरी कंटाळवाणी वाटली असे लिहिले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते. तीच कादंबरी ‘निवेदनाच्या पातळीवर एकसुरी’ आहे असे लिहिले की रेघ येत नाही. वस्तुतः दुसरे विधान पहिल्याच्याच खांद्यावर उभे आहे. कोणाला तरी कंटाळा आल्यावाचून एकसुरीपणा हा दोष ठरूच शकत नाही. म्हणजे आपण मत वर्ज्य करीत नाही. ते मत कोणाचे आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा तेवढा वर्ज्य करतो.

ह्या मज्जावाची सर्वांत मोठी किंमत प्रणयकादंबरीच्या वाचकांनी मोजली आहे, असे माझे प्रतिपादन आहे. इतरत्र समीक्षेने निदान ग्रंथ वाचून आपले मत लपवले. येथे ग्रंथ न वाचता मत दिले आणि ज्यांनी वाचले त्यांच्या मताला मत म्हणण्याचेच नाकारले.

ना. सी. फडके ह्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथारचनेच्या तंत्राला शास्त्राचे रूप देऊ पाहिले. ‘कोसला’नंतरच्या (१९६३) पिढीने त्या तंत्रवादाची जी झडती घेतली ती पुष्कळ अंशी न्याय्यच होती. भालचंद्र नेमाडे ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) फडक्यांविषयी बोलतात तेव्हा त्यांनी फडके वाचले आहेत, ह्याविषयी शंका उरत नाही. त्यांच्या वारसदारांविषयी अशी खात्री देता येत नाही. त्यांच्या हाती ‘रंजनवादी’ हा शब्द विश्लेषणाचा न राहता निकालाचा झाला. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, योगिनी जोगळेकर, चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम ही नावे बहुधा एका दमात, ‘इत्यादी’ ह्या शब्दासह उच्चारली जातात. स्वतः गायिका असलेल्या आणि गायकांच्या जीवनावरही लिहिणाऱ्या जोगळेकर आणि वकिली पेशातून आलेले बाबा कदम ह्यांत साम्य कोणते? इतकेच की दोघांचीही पुस्तके ग्रंथालयात हातोहात जात.

काकोडकरांचेच उदाहरण घेऊ. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. ते निकालपत्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. न्यायमूर्तींनी कथेचा नायक, त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया आणि आक्षेपार्ह मानलेले प्रसंग ह्यांचा क्रमवार विचार केला.  कथा साधली नसेल, पण न साधणे म्हणजे अश्लील असणे नव्हे, हा भेद त्यांनी स्पष्टपणे केला. एका लोकप्रिय प्रणयकथेचे इतके सविस्तर आणि पूर्वग्रहरहित वाचन आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांतून किती वेळा झाले, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. कायद्याने जे कर्तव्य म्हणून केले, ते समीक्षेला कमीपणाचे वाटले.

मग ह्या कादंबऱ्यांविषयी विचार झालाच नाही काय? झाला, तो ग्रंथालयांत झाला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. पुढे गावोगावी सार्वजनिक वाचनालये आणि गल्लोगल्ली खाजगी फिरती वाचनालये निघाली. त्यांतील जुन्या प्रतींच्या समासांत पेन्सिलीने लिहिलेले शेरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. शेवट ओढूनताणून आणला आहे. नायिका हे सगळे मुकाट्याने का सोसते. ही गोष्ट दुसऱ्या नावाने आधी वाचली आहे: अशा धर्तीचे ते शेरे असतात. पहिला शेरा रचनेविषयी आहे, दुसरा पात्राच्या संभवनीयतेविषयी आणि नैतिकतेविषयी, तिसरा साहित्यप्रकाराच्या संकेतांविषयी. परिभाषा सोडली तर येथे समीक्षेचे काय उणे आहे? कारण उणे आहे, असे कोणी म्हणेल. पण समासात जागा किती असते? आणि कारण विचारायला आपण कधी त्या वाचकापर्यंत गेलो काय?

अमेरिकेत असे जाणे झाले. जॅनिस रॅडवे ह्यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) ह्या ग्रंथासाठी एका गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांना प्रश्न विचारले. त्यांचा दुवा होती पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एक स्त्री. नव्या कादंबऱ्यांवर ती आपली मते एका वार्तापत्रातून कळवी आणि तिच्या शिफारशीवर इतरजणी पुस्तके निवडीत. ह्या स्त्रिया सगळ्या प्रणयकादंबऱ्या एकाच मापाने मोजत नव्हत्या. फसलेली कादंबरी कोणती आणि उत्तम कोणती, ह्याविषयी त्यांची मते ठाम होती. सुखान्त त्यांना आवश्यक वाटे, क्रूर नायक आणि दुबळी नायिका नकोशी वाटे. वाचनाचा वेळ हा घरकामाच्या आणि इतरांच्या मागण्यांतून स्वतःसाठी काढून घेतलेला वेळ आहे, हेही त्यांनीच सांगितले. रॅडवे ह्यांच्या ग्रंथाचे मोल ह्या ऐकण्यात आहे. त्याची मर्यादा अशी की अखेरचा अर्थ सांगण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला. तरीही आधी ऐकले आणि मग मतभेद केला. आपल्याकडे ह्यातील पहिली पायरीच गाळली गेली.

ह्यावर दुसऱ्या टोकाचे उत्तर तयारच असते: ज्याची त्याची आवड, तिथे वाद कसला? हे औदार्य दिसते. प्रत्यक्षात ती अवहेलनेचीच सभ्य रीत आहे. ज्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याचे म्हणणे आपण गंभीरपणे घेतलेले नसते. सुखद वाटणे आणि सुंदर म्हणणे ह्यांत कांटने केलेला भेद रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) आपल्या परिचयाचा आहे. सुखद काय हे प्रत्येकापुरते असते. सुंदर म्हणताना मात्र आपण इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. वाचनालयाच्या टेबलापाशी एक वाचक दुसरीला ‘ही नेऊ नका’ असे सांगते, तेव्हा ती संमतीच मागत असते. तिचे मत वैयक्तिक असूनही खाजगी राहिलेले नाही. समीक्षेची सुरुवात येथे होते. तिला ‘का?’ असा प्रश्न न विचारणे हा समीक्षेचा कर्तव्यच्युतपणा होय.

आपल्या परंपरेचा दाखला हवा असेल तर अभिनवगुप्ताचा सहृदय आठवावा. काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे तो सहृदय. आता प्रणयकादंबरीच्या बाबतीत हे अनुशीलन कोणाचे? पन्नास वर्षे आठवड्याला दोन पुस्तके बदलून नेणाऱ्या वाचकाचे, की दोन पुस्तके चाळून ‘इत्यादी’ लिहिणाऱ्या प्राध्यापकाचे?

अर्थात ह्या कादंबऱ्यांवरील गंभीर आक्षेप मला अमान्य नाहीत. त्यांतील स्त्रीचे सोसणे गौरवले जाते काय, नायक-नायिका कोणत्या जातींतून आणि वर्गांतून येतात, कोणाला त्यांच्या जगात प्रवेशच नाही, हे विचारलेच पाहिजे. परंतु हे आक्षेप सिद्ध करण्यासाठीही आधी वाचावे लागते. शिवाय वाचक ते सारे निमूटपणे गिळतो, हे गृहीतच संशयास्पद आहे. नायिका का सोसते, हा प्रश्न समासात लिहिणारी व्यक्ती भाबडी नव्हती.

हा केवळ तात्त्विक वाद नाही. एका विद्यार्थिनीने आपल्या आईच्या पिढीने वाचलेल्या प्रणयकादंबऱ्या आणि त्यांविषयीची वाचकांची मते हा पीएच.डी.साठी विषय मांडला. एका विद्यापीठाच्या समितीने ‘वाङ्मयीन मूल्य नसलेले साहित्य’ असा शेरा मारून तो परत केला. मूल्य आहे की नाही, हेच तर तिला तपासायचे होते! पुढे तिने ज्या लेखकावर आधीच अनेक प्रबंध झाले आहेत, तो विषय घेतला आणि तो तत्काळ मंजूर झाला. दरम्यान ती ज्यांच्याशी बोलणार होती त्या वाचक आता वृद्ध झाल्या आहेत. अनेक फिरती वाचनालये बंद पडली. जीर्ण प्रती समासांतील शेऱ्यांसह रद्दीत जात आहेत. मराठी वाचकाने शतकभर काय विचार केला, ह्याचा हा पुरावा पुन्हा निर्माण करता येणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्याला आधी स्वतःचे मत लिहू द्यावे, मग त्याची कारणे विचारावीत, आणि कारणे टिकली नाहीत तर मत बदलण्याची मुभा द्यावी. संशोधन समित्यांनी पुस्तकाच्या प्रतिष्ठेऐवजी प्रश्नाची गुणवत्ता पाहावी. आणि ज्यांनी प्रणयकादंबरी वाचलेली नाही, त्यांनी तिच्याविषयी निदान मौन पाळावे. न वाचता दिलेला निकाल वैयक्तिक मताइतकाही नसतो. वैयक्तिक मतामागे निदान एका व्यक्तीचे वाचन असते.