साक्षीदार आपणच



रविवार सकाळ. चांदीपच्या आमच्या वस्तीत पांढरे कपडे घालून माणसं वंदनेला बसलेली. मेणबत्त्या पेटल्यात, फुलं वाहिलीत. पुढच्या रांगेत जो गडी सगळ्यात मोठ्यानं पंचशील म्हणतोय, त्यानं शनिवारी रात्री दारू ढोसून बायकोला कमरेच्या पट्ट्यानं फोडलंय. घरं पत्र्याची. एका घरातला खोकला चौथ्या घरात ऐकू जातो. सगळ्या वस्तीनं ऐकलं. मीपण ऐकलं. गोदीतली पाळी संपवून आलो होतो, अंग मोडलं होतं, चादर डोक्यावर ओढून गप पडलो. सकाळी वहिनी वंदनेला नव्हत्या. का नाहीत, कुणी विचारलं नाही. मीपण नाही.

तेव्हा हा लेख दुसऱ्या कुणावर नाही, आधी आपल्यावर आहे.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर भोतमांगे ह्या माय-लेकरांना जमावानं ठार मारलं. महाराष्ट्र पेटला. पोरांनी लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली सजा दिली पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही, हायकोर्टानं २०१० साली फाशी रद्द केली. तो राग आजही खरा आहे. पण साला, हात गावगुंडाचा असला की आपण मोर्चा काढतो आणि हात आपल्याच दोस्ताचा असला की म्हणतो, घरची भानगड, नवरा-बायको बघून घेतील. बाईच्या पाठीवरचा वळ काय मारणाऱ्याची जात विचारून उठतो?

जुनेजाणते म्हणतील, पोरा, हे छापू नको, विरोधकांच्या हातात कोलीत देतोस. मग फलटणच्या बेबी कांबळेंनी काय केलं? 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या सासुरवाशिणींचे हाल त्यांनी लिहिले. पळून जाणाऱ्या सुनेचं नाक कापायचे, हेसुद्धा लिहिलं. आणि ते लिखाण त्यांना कितीतरी वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवावं लागलं. आंबेडकरी घरातल्या बाईला आपली वही लपवावी लागते, ह्यात अब्रू कुणाची गेली? तिची नाही.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली. त्या पोथीच्या आठव्या अध्यायात चुकलेल्या बायकोला दोरीनं नाहीतर वेळूच्या कांबीनं मारायची मुभा आहे. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या आयाबायांना सांगितलं, नवरा-पोरगा दारुडा असला तर त्याला जेवू घालू नका. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं, बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, गुलाम होऊ नये. १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्याचं एक मोठं कारण रखडवलेलं हिंदू कोड बिल होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला धर्मच बदलला. आपण पोथी जाळली, धर्म सोडला, पण कांब मात्र हातात धरूनच दीक्षाभूमीवर गेलो की काय?

आपल्यात लग्न कसं लागतं बघा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं नवरदेव प्रतिज्ञा घेतो की बायकोचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, तिच्याशी बेइमानी करणार नाही. हे सिगालोवाद सुत्तातनं आलेलं आहे. भटजीचे मंत्र कुणाला कळत नव्हते. ही प्रतिज्ञा मराठीत होते, माईकवरनं होते, अख्खी वस्ती ऐकते आणि 'साधू' म्हणते. म्हणजे आपण तिचे साक्षीदार. साक्षीदारानं लग्नाचं जेवण हाणायचं आणि प्रतिज्ञा मोडली जाताना चादर ओढून पडायचं, हा कुठला धम्म?

माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे.

एक, मार ऐकू आला की चार जणांनी जाऊन दार वाजवायचं. विहाराची एक किल्ली बाईमाणसाकडं पाहिजे. रात्री दोन वाजता लेकरं घेऊन आलेल्या बाईला विहार उघडा मिळाला पाहिजे.

दोन, समितीनं समेट घडवायचा नाही. 'संसार मोडू नको बाई' म्हणून तिला परत त्याच खोलीत ढकलायचं नाही. काय करायचं ते ती ठरवील. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. सरकारी संरक्षण अधिकारी असतो. बाईला वकील फुकट मिळतो. १८१ हा मदतीचा नंबर आहे. हे सगळं विहाराच्या भिंतीवर रंगवा.

तीन, बायकोला मारणारा १४ एप्रिलच्या स्टेजवर दिसता कामा नये. समितीत नाही, वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्या हातात नाही. वंदनेला खुशाल येऊ दे. त्याला वाळीत टाकायचं नाही, दंड उकळायचा नाही. ते जातपंचायतीचे धंदे, आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यानं सामाजिक बहिष्कार गुन्हा आहे.

चार, समितीत निम्म्या बाया. खीर ढवळायला नाही, निर्णय घ्यायला.

हे फक्त विहारानं करायचं नाही. आमच्या वसई तालुक्यात चर्च आहेत, मशिदी आहेत, देवळं आहेत. फादर, मौलाना, कीर्तनकार ह्यांचं माणसं जेवढं ऐकतात तेवढं फौजदाराचंही ऐकत नाहीत. त्यांनी एकदा तरी चारचौघांत म्हणावं की बाईवर हात टाकणारा आमच्यात मान मिळवणार नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानसभेवर नेला. सातच होत्या. समाज काय म्हणेल म्हणून थांबल्या असत्या तर सातही निघाल्या नसत्या.

हे लिहायच्या आधी माझ्या आईनं वहिनींना विचारलं, पोरगा लिहू म्हणतोय, लिहू दे का? त्या म्हणाल्या, लिहू दे, नाव नको. आणि त्याला सांगा, पुढल्या वेळी दार वाजव.

येत्या रविवारी ह्या चार गोष्टी मी समितीपुढं ठेवणार आहे. भांडण होईल, होऊ दे. तुम्हीपण आपापल्या वस्तीत ठेवा.

जयभीम.