पाइप लोखंडी की प्लॅस्टिकचा?

औंध संस्थानात लोखंडाला मोठा मान होता. १९१० साली संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे लोखंडी नांगर आणि पुढे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. अशा प्रांतात घरातील पाण्याचा पाइपही लोखंडीच असावा, असे कोणासही वाटेल.

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप भक्कम असतो. ऊन किंवा एखादा धक्का तो सहज सोसतो. परंतु मुलामा झिजला की आत गंज चढतो, पाण्यातील क्षारांचे थर साचतात आणि धार बारीक होत जाते. पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपाला गंज चढत नाही. तो हलका, स्वस्त व आतून गुळगुळीत असतो. मात्र वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास तो ठिसूळ होतो आणि कढत पाण्याने मऊ पडतो.

मग श्रेष्ठ कोण? हा प्रश्नच अपुरा आहे. थंड पाण्यासाठी जमिनीखाली प्लॅस्टिक, उघड्यावर लोखंड आणि गरम पाण्यासाठी तांबे, अशी योजना करणे हाच विवेक होय.

औंध ज्या खटाव तालुक्यात आहे, तो पर्जन्यछायेतील दुष्काळी प्रदेश आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी वाया घालवितो. म्हणून पदार्थाचा अभिमान न धरता त्याचा स्वभाव ओळखावा, आणि सांधा गळू लागताच तो दुरुस्त करावा. पाइप कशाचा आहे, यापेक्षा त्यातील पाणी तहानलेल्यापर्यंत पोचते की नाही, हेच महत्त्वाचे.