841 मतांचं कोडं: नेत्यांचे जुने वाद मतपेटीपर्यंत खरंच पोहोचतात का?

23 नोव्हेंबर 2024 रोजी बुलढाणा विधानसभा मतदारसंघाचा निकाल लागला. शिवसेना शिंदे गटाचे संजय गायकवाड यांना 91,660 मतं मिळाली, तर ठाकरे गटाच्या जयश्री शेळके यांना 90,819. म्हणजे फरक फक्त 841 मतांचा.

या आकड्याचे दोन अर्थ लावले जातात. एक, वादग्रस्त वक्तव्यांनी गायकवाडांना जवळपास बुडवलंच होतं. दोन, एवढे वाद होऊनही ते निवडून आले, म्हणजे लोकांना वादांशी काही देणंघेणं नाही. आकडे नीट पाहिले, तर दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात.

निवडणुकीआधी काय काय घडलं होतं?

फेब्रुवारी 2024 मध्ये गायकवाडांचा एक व्हिडिओ व्हायरल झाला. 1987 साली आपण वाघाची शिकार केली आणि गळ्यात घातलेला दात त्याच वाघाचा आहे, असं ते त्यात सांगत होते. वनविभागाने गुन्हा नोंदवला आणि दात जप्त करून तपासणीसाठी पाठवला. सप्टेंबरमध्ये त्यांनी राहुल गांधींची जीभ छाटणाऱ्याला 11 लाख रुपये देण्याची घोषणा केली. त्यावरही गुन्हा दाखल झाला. पुढे दोनच महिन्यांत मतदान होतं.

आता मतं पाहू. 2019 मध्ये गायकवाड सुमारे 26 हजारांच्या फरकाने जिंकले होते. तिथून 841 वर येणं ही मोठी घसरण दिसते. पण 2019 मध्ये त्यांना मिळालेली मतं होती सुमारे 67 हजार. 2024 मध्ये ती 91 हजारांच्या पुढे गेली. म्हणजे मताधिक्य कोसळलं, पण मतं मात्र सुमारे 24 हजारांनी वाढली.

हे कसं झालं? 2019 ची लढत तिरंगी होती. वंचित बहुजन आघाडीकडून माजी आमदार विजयराज शिंदे आणि काँग्रेसकडून हर्षवर्धन सपकाळ असे दोन तगडे उमेदवार समोर होते आणि विरोधातली मतं त्यांच्यात वाटली गेली. 2024 मध्ये ती मतं बऱ्याच अंशी एकाच नावामागे गेली. शिवाय ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये खात्यात येऊ लागले होते. दुसरीकडे सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळत होता. शिवसेना फुटलेली होती. या सगळ्यातून वाघाच्या दाताच्या वाट्याची मतं वेगळी काढायची कशी?

खुद्द गायकवाडांच्या हिशेबात वाद नव्हतेच. निकालानंतर त्यांनी बोट दाखवलं ते महायुतीतल्याच नेत्यांकडे, आणि जानेवारी 2025 मध्ये थेट मतदारांकडे. मतदार पैसे, दारू आणि मटणासाठी विकले गेले, असं ते जाहीर भाषणात म्हणाले. तोही एक नवा वाद झाला.

मतदार मोजके असतील तर?

विधानसभेच्या मतदारसंघात लाखो मतदार असतात आणि प्रत्येकाची कारणं वेगळी असतात. पण मतदार मोजकेच असतील, सगळे राजकारणात मुरलेले असतील, उमेदवाराचा इतिहास त्यांना पाठ असेल आणि पक्षाचा व्हिपही नसेल तर? भारतात अशी एक निवडणूक होते, राष्ट्रपतिपदाची. खासदार आणि आमदार गुप्त मतदान करतात आणि पक्षांतरबंदीची भीती नसते. जुन्या आरोपांचा परिणाम होणार असेल, तर तो इथे स्पष्ट दिसायला हवा.

2007 मध्ये अशी परीक्षा बुलढाण्याच्या अगदी शेजारी झाली. मलकापूर तालुक्याची हद्द ओलांडली की जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर लागतं, म्हणजे जुनं एदलाबाद. प्रतिभा पाटील तिथून अनेक वर्षं आमदार होत्या. यूपीएने त्यांना राष्ट्रपतिपदाची उमेदवारी दिली आणि जळगाव जिल्ह्यातली जुनी प्रकरणं दिल्लीच्या चर्चेत आली. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रतिभा महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये रद्द केला होता. नातेवाइकांना दिलेल्या कर्जांवरून आरोप झाले. मुक्ताईनगरच्या संत मुक्ताबाई साखर कारखान्याच्या थकीत कर्जाचाही विषय निघाला. पाटील यांनी आरोप फेटाळले. भाजपने मात्र हा मुद्दा सोडला नाही, आणि अरुण शौरी यांच्यासारख्या नेत्यांनी तो लावून धरला. उलट बाजूने काँग्रेसनेही भैरोसिंह शेखावत यांच्या तरुणपणीच्या पोलीस नोकरीतलं निलंबन उकरून काढलं.

मग मतदारांनी काय केलं? शिवसेना तेव्हा भाजपसोबत एनडीएत होती. बाळासाहेब ठाकरेंनी मित्रपक्षाच्या पसंतीचे शेखावत सोडून पाटील यांना पाठिंबा जाहीर केला. कारण सरळ होतं: पहिल्यांदाच मराठी व्यक्ती राष्ट्रपती होणार होती. त्या वेळी बुलढाण्याचे खासदार शिवसेनेचेच आनंदराव अडसूळ होते. मतदान गुप्त असल्याने एकेका खासदाराबद्दल खात्रीने बोलता येत नाही, पण पक्षाची भूमिका उघड होती. निकाल लागला तेव्हा पाटील यांच्या मतांचं मूल्य 6,38,116 होतं आणि शेखावतांचं 3,31,306.

म्हणजे सगळ्यात जास्त आरोप झाले त्या काळात पाटील यांच्याकडे विरोधी आघाडीतला एक पक्ष चालून आला. ज्या जळगावच्या राजकारणातून आरोप निघाले, त्याच मातीचं नातं शिवसेनेसाठी पाठिंब्याचं कारण ठरलं. खरं तर यूपीए आणि डाव्यांचं गणित आधीच जुळलेलं होतं, त्यामुळे सेना आली नसती तरी पाटील हरल्या नसत्या. पण आरोपांनी मतं फुटतील ही भाजपची आशा मात्र फोल ठरली.

न्यायालयातही हाच प्रश्न आला होता

जुन्या बदनामीने निकाल बदलला का, हे तपासायची वेळ एकदा सर्वोच्च न्यायालयावरही आली होती. 1969 च्या राष्ट्रपती निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटलं गेलं. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्या, असं सांगितलेलं होतं. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच बहुमत मिळालं नाही. तिसरे उमेदवार होते सी. डी. देशमुख, आपले चिंतामणराव. त्यांच्यासह बाद झालेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे जिंकले.

पत्रकामुळे निवडणूक रद्द करा, अशी याचिका झाली. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला गेले. पत्रक वाटलं गेलं हे न्यायालयाने बहुमताने मानलं. पण त्यामागे गिरींची संमती होती आणि त्यामुळे निकालात खरोखर फरक पडला, हे याचिकाकर्त्यांना सिद्ध करता आलं नाही. 1970 मध्ये याचिका फेटाळली गेली. इतके साक्षीदार तपासूनही ज्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं नाही, त्याचं उत्तर बुलढाण्याबाबत लोक एका रीलमध्ये देऊन मोकळे होतात.

आणि ज्या रेड्डींची एवढी बदनामी झाली, ते 1977 मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

अमेरिकेत मतदार कोट्यवधी असतात, तिथेही चित्र फार वेगळं नाही. 2008 मध्ये बराक ओबामांच्या चर्चमधले धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या जुन्या प्रवचनांवरून गदारोळ झाला. ओबामांना त्यावर वेगळं भाषण द्यावं लागलं, पण ते जिंकले. डोनाल्ड ट्रम्प यांना 30 मे 2024 रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरीने 34 आरोपांत दोषी ठरवलं आणि नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

मग वाद नडतो तरी कधी?

या उदाहरणांतून एक गोष्ट समोर येते. उमेदवारावर नाराज झालेल्या मतदाराला आपलं घर न सोडता दुसरीकडे जाता येत असेल, तर वाद महागात पडण्याची शक्यता वाढते. 2007 मध्ये सेनेच्या खासदारांसमोर दुसरा मराठी उमेदवार नव्हता. ट्रम्प यांच्यावर चिडलेल्या रिपब्लिकन मतदारासमोर पर्याय होता तो डेमोक्रॅटिक पक्षाचा, आणि ती उडी बहुतेकांना मोठी वाटली. बुलढाण्यात 2024 मध्ये मात्र धनुष्यबाण नको असणाऱ्या जुन्या शिवसैनिकासमोर मशाल होती. तीही शिवसेनाच. अशी नाराज मतं किती तिकडे गेली हे मोजता येत नाही, पण लढत एवढी अटीतटीची होण्यामागे हे एक कारण असू शकतं.

दुसरी गोष्ट वादाच्या प्रकाराची. वक्तव्य कॅमेऱ्यासमोर केलेलं असलं की त्यात उघडकीला येण्यासारखं काही राहत नाही. समर्थकाला ते आधीपासून ठाऊक असतं आणि कधीकधी आवडतही असतं. जुलै 2025 मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात शिळ्या डाळीवरून गायकवाडांनी कँटीन कर्मचाऱ्याला मारहाण केली, तेव्हा टीका जोरात झाली, पण 'बरं केलं' म्हणणारेही होते. बुडालेल्या बँकेचं तसं नसतं. तिथे कोणाची तरी ठेव अडकलेली असते.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ जुलै 2027 मध्ये संपतो. त्या वेळी बुलढाणा जिल्ह्यातल्या सात मतदारसंघांचे आमदारही मतदान करतील. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175 असतं, म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला 1,225. निवडणूक आयोगाने दिलेल्या पेनाने ते पसंतीक्रम लिहितील आणि मतपत्रिका पेटीत टाकतील. उमेदवाराच्या जुन्या प्रकरणांचा त्यांनी किती विचार केला, हे त्यांना निवडून देणाऱ्या मतदाराला कळणार नाही.