रोजा सुटला, टपरी उघडली

मागच्या शुक्रवारी मालेगावात मोहल्ल्यातल्या मशिदीत सामुदायिक इफ्तारला बसलो होतो. शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण होता. यंत्रमागावर काम करणारा, चेहरा ओळखीचा. अजान झाली तशी सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. त्याने मात्र नखाने खजुराचे चार तुकडे केले आणि एकेक तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवला. भज्यांची थाळी पुढे आली तेव्हा त्याने ती हळूच माझ्याकडे ढकलली. "तिखट झोंबतं, चाचा."

मी त्याला तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून पाहायला सांगितली. निरोगी माणसाचे तोंड साधारण तेवढे उघडते. त्याचे एकच बोट कसेबसे आत गेले. "तंबाखू खातोस?" विचारले तर म्हणाला, "नाही चाचा, नुसती सुपारी. पुडीतली." नमाजनंतर चपला घालताना मात्र खाली मान घालून त्याने जोडले, "रात्रपाळीला दुसरी पुडी मिसळतो. तंबाखूची."

या दुखण्यात गालाच्या आतली त्वचा पांढरट होते, ताठरते, आत दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. याचे मुख्य कारण सुपारी. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. तरी आपल्याकडे सुपारी म्हणजे लग्नाच्या जेवणानंतरचा मुखवास! लहान मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी दिसली तर कुणाला काही वाटत नाही. तंबाखूकडे जाणारी पहिली पायरी बहुधा तीच असते.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. या मुलाने त्या दिवसापर्यंतचे सगळे रोजे ठेवले होते. सहेरीपासून मगरीबपर्यंत, तेरा-चौदा तास, त्याने पुडीला हात लावलेला नव्हता. मग आपण वर्षभर या पोरांना काय सुनावतो? "तुमच्यात दम नाही. मनावर घेतलं तर सुटेल." मनावर तर त्यांनी घेतलेले आहे. दिवसाचे चौदा तास ती पाळून दाखवतात. प्रश्न उरलेल्या दहा तासांचा आहे, आणि ते दहा तास त्यांच्या एकट्याच्या हातात नसतात.

थोडे शरीराचे गणित पाहू. तंबाखूतले निकोटिन रक्तात फार वेळ टिकत नाही. दोनेक तासांत निम्मे होते. असरच्या सुमारास मोहल्ल्यात क्षुल्लक कारणावरून भांडणे लागतात आणि आपण हसून म्हणतो, याला रोजा लागलाय. बऱ्याचदा त्याला रोजा नव्हे, पुडी लागलेली असते. तंबाखू कायमची सोडणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात, पुढच्या दोन-चार आठवड्यांत तलफ हळूहळू उतरते. रोजेदाराचे तसे होत नाही. तो दिवसभर सगळा त्रास सोसतो आणि संध्याकाळी पुन्हा पुडी फोडतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी परत पहिला दिवस. तीस वेळा पहिला दिवस काढूनही तो सुटलेला नसतो. त्याच्या वाट्याला सोडण्याचा त्रास पूर्ण येतो, सुटका येत नाही.

त्याचे दहा तास कुठे जातात ते पाहायचे असेल तर रात्री कारखान्यात जायला हवे. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, यंत्रमागाची पाळी सहसा बारा तासांची. मजुरी कापडाच्या मापावर. धागा तुटला आणि डोळा लागला तर पैसे गेले. खटाखट आवाजात शेजाऱ्याशी बोलता येत नाही. बिडी ओढायची सोय नाही, कारण चहूकडे सूत आणि कापसाची धूळ. एक ठिणगी पुरते. मग उरते तोंडात धरायची वस्तू. ती हात अडकवत नाही, माग थांबवत नाही, झोप पळवते, भूकही मारते. नव्याने कामाला लागलेल्या पोराला पहिली पुडी बिघडलेली संगत देत नाही. बहुतेक वेळा ती देतो शेजारच्या मागावरचा अनुभवी कारागीर, आणि तीही मायेने. "घे, रात्र निघून जाईल." गॅरेजमधले पोर, ट्रकवरचा क्लीनर, बांधकामावरचा बिगारी यांची गोष्ट फार वेगळी नाही. चहाच्या कपापेक्षा स्वस्त आणि चहापेक्षा जास्त टिकणारी दुसरी कोणती वस्तू त्यांना मिळते?

घराचा वाटाही कमी नाही. माझे दादा, म्हणजे आजोबा, चुना-तंबाखू खायचे. सहा-सात वर्षांचा असल्यापासून मी त्यांची तंबाखू आणायला जायचो, उरलेले सुटे पैसे माझे. घरातल्या बायका सकाळी मिश्री लावत. भाजून काळी केलेली तंबाखूच ती, पण तिला कुणी व्यसन म्हणत नसे, दात घासणे म्हणत. मी त्या वाटेने गेलो नाही, यात माझे कर्तृत्व काही नाही. मला एकदा गरगरून उलटी झाली, एवढेच. माझ्या धाकट्या भावाला झाली नाही.

२०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचे तंबाखूविषयी सर्वेक्षण झाले. त्यात ८.५ टक्के मुले तंबाखू घेत असल्याचे आढळले. मला त्याहून अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा. धूर न होणारी तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधी चाखली होती. बिडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के, सिगारेटच्या बाबतीत ३८. दहा वर्षांच्या आतले मूल कॉलेजच्या कट्ट्यावर जात नाही. ते घरात, गल्लीत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात असते.

हे सर्वेक्षण शाळेत जाणाऱ्या मुलांचे होते, हेही विसरू नये. शाळा सोडून कामाला लागलेली मुले त्यात नाहीत.

कायद्याची मात्र आपल्याकडे कमतरता नाही. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. माझे दादा या कलमात सापडले असते! महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सुटी सिगारेट आणि बिडी विकायला २०२० मध्ये मनाई केली.

बंदीवर कंपन्यांनी शोधलेला तोडगा त्या तरुणाच्या खिशातच होता. एका पुडीत सुपारीचा मसाला, दुसऱ्या पुडीत तंबाखू. दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक तळहातावर एकत्र करते आणि बंदी घातलेला गुटखा तयार होतो. जाहिरातीचेही तेच. तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाची इलायची विकली जाते. मोठे नट केशराचा दाणा दाखवत हसतात आणि पोराच्या डोक्यात नाव पक्के बसते. पुडीवरचे भयानक चित्र त्यापुढे टिकत नाही. भीतीचा उपयोग व्हायचा असता तर २०१५ मध्येच झाला असता. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, ज्यांना सारा महाराष्ट्र आबा म्हणायचा, ते तोंडाच्या कर्करोगाने गेले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. टपऱ्या दुसऱ्या दिवशीही उघड्या होत्या.

सरकारी प्रचारात अजूनही धुरावर भर दिसतो, याचेही नवल वाटते. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के लोक तंबाखू घेणारे निघाले. त्यात धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के. आपले दुखणे तोंडातले आहे. मुंबई-पुण्याकडे रमजानच्या रात्री हुक्क्याचा सुगंधी धूर काढणारी पोरे आहेतच. राज्याने २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लर बंद केले, तरी ते पूर्ण थांबले नाही. पण तो पैसेवाल्यांचा शौक. मागावरच्या पोराशी त्याचा संबंध नाही.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. सोलापूरपासून विदर्भापर्यंत विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत, त्यांत आपल्या घरांतल्याही पुष्कळ. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट-गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर ठरवताना बिडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. गरीब कामगाराचा विचार केला, असे सांगितले जाते. वळणारी गरीब आहे हे खरेच. पण ओढणाराही गरीबच आहे, आणि वळणारीला दुसरे काम देण्याचा खर्च मात्र कुणाला करायचा नाही.

आता मशिदीकडे येतो. तंबाखू हराम की मकरूह, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तंबाखू आपल्याकडे आली तीच मुळी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास, त्यामुळे जुन्या ग्रंथांत थेट उत्तर मिळत नाही. तो वाद उलेमांनी खुशाल चालू ठेवावा. माझे म्हणणे साधे आहे. रमजानमध्ये पोरे तरावीहला रोज एका जागी येतात. वर्षात दुसऱ्या कोणत्याही महिन्यात इतकी तरुण मुले इतके दिवस एकत्र सापडत नाहीत. तिथे खुत्ब्यात तंबाखूला शिव्या घालण्याऐवजी एका संध्याकाळी दातांचा डॉक्टर आणून बसवला, टॉर्चने शंभर तोंडे तपासली, तर किती जणांची तीन बोटे आत जात नाहीत ते कळेल. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक वजूखान्याच्या भिंतीवर रंगवता येईल. जिल्हा रुग्णालयात समुपदेशन मिळते. निकोटिनचे च्युइंगम असते, डॉक्टरला विचारून इफ्तारनंतर तेही घेता येते. चौदा तास आधीच काढलेले असतात. उरलेल्या दहा तासांना आधार हवा. कारखान्याच्या मालकांनी रात्रपाळीला दोन वेळा चहा आणि अर्धा तास पाठ टेकायची सवड दिली, तर तोही इलाजच ठरेल. हे शेवटचे सुचवल्यावर एक मालक माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांच्याकडे कारखानाच मागितला.

त्या शुक्रवारी मगरीब संपल्यावर मी मशिदीसमोरच्या टपरीवालाशी बोललो. तोही रोजेदार. अजान झाली की आधी पाण्याचा घोट, मग नमाज, मग फळी उघडायची. "चाचा, पान आता कोण खातं? पुड्या काढल्या तर टपरीत मी आणि चुन्याची डबी, दोघंच उरू." त्याचा मुलगा दहावीला आहे आणि त्याला तो टपरीवर पाय ठेवू देत नाही.

तो तरुण मात्र त्या दिवशी टपरीवर न थांबता माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत आला. डॉक्टरकडे कधी येतोस, विचारले. आता कामाचा जोर आहे, ईदनंतर येतो म्हणाला. मग हसला, जेवढे तोंड उघडते तेवढेच. "शीरखुर्मा तर जातोय ना, चाचा. चावावा लागत नाही."